तारण ठेवलेला पासपोर्ट

जा की. मी कुठे नको म्हणतोय? खाडीजवळचं जुनं शारजा बघण्यासारखंच आहे, आणि तुम्ही इथे वाढलेली मुलं मॉलच्या पलीकडे जाताय हेच खूप झालं. फक्त एक सांगतो, केया. तिथे तो कानात बोलणारा डबा देतात ना, गळ्यात अडकवून फिरायचा, त्याच्या बदल्यात काउंटरवर काहीतरी ठेवावं लागतं. लायसन्स ठेवा. घड्याळ ठेवा. या विहानला ठेवा, कोणी परत मागायला येणार नाही. पासपोर्ट मात्र ठेवू नका.

‘काका, इट्स जस्ट अ डिपॉझिट.’ हो रे बाबा. सुजीतलाही तसंच वाटलं होतं.

कोण सुजीत? बसा, सांगतो. तो बाल्कनीतला दिवा बंद कर आधी, डोळ्यांवर येतो. तुमच्या आया जेवायला हाक मारेपर्यंत होईल सांगून. आणि ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. यातली दोन्ही माणसं तुमच्या अरुणकाकाच्या घरी जेवलेली आहेत.

आधी राजनचं सांगतो. राजन नाशिकचा, इथे हमरियाच्या फ्री झोनमध्ये माझ्याच ऑफिसात होता. बायको कुंदा आणि म्हातारी आई तिकडे नाशिकला. काय आवाज होता त्याचा! मंडळाच्या गणपतीत माइक कायम त्याच्याकडे. ‘गेटसमोर कोणाची गाडी आहे, त्यांनी कृपया काढावी’ एवढं म्हणाला तरी ज्यांच्याकडे गाडी नाही तेसुद्धा उठून बघायचे. राहायला दुबईत, अल कुसैसला. शेजारच्या फ्लॅटमध्ये सुजीत, त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. राजन त्याला सुज्या म्हणायचा. सुजीतला सुज्या म्हणणारा जगात तो एकटाच.

सुजीत एका काँट्रॅक्टिंग कंपनीत होता. ती कंपनी सगळ्यांचे पासपोर्ट आपल्या लॉकरमध्ये ठेवायची. नियमात बसत नाही, पण तेव्हा सर्रास चालायचं. रजेवर जायचं असेल तर बाहेरच्या कोणाचा तरी पासपोर्ट आणून ठेवायचा, मगच तुमचा तुमच्या हातात. माणूस परत आला की ज्याचा त्याला. थोडक्यात, जामीन.

मग आलं ते २००८. तुम्ही तेव्हा शाळेत. क्रेन उभ्याच्या उभ्या थांबल्या, रोज कोणाच्या तरी घराचं सामान बिल्डिंगखाली यायचं. २००९च्या जानेवारीत सुजीत राजनकडे आला. ‘आई सिरियस आहे रे. आठ दिवसांत येतो. तोवर तुझा पासपोर्ट ठेव.’ राजनने चहा संपायच्या आत काढून दिला.

सुजीतची आई त्या दिवशी पुण्यात ठणठणीत होती. चार घरची हळदीकुंकवं करून आली होती. आईच्या आजारपणाचं खोटं बोलून हा माणूस पळाला. कर्जं मागे, क्रेडिट कार्डं मागे, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये. आणि राजनचा पासपोर्ट लॉकरमध्ये.

महिन्याभरात त्या कंपनीचा मालकच गायब झाला. ऑफिसला सील. आमच्या ऑफिसातूनही माणसं काढली, त्यात राजन. आता बघा गंमत. पासपोर्ट हरवला म्हणावं, तर हरवलेला नाही, कुलपात आहे. आहे म्हणावं, तर हातात नाही. या खिडकीतून त्या खिडकीकडे. ‘बुकरा या’, म्हणजे उद्या या. ते उद्या कधी आलंच नाही. व्हिसा संपला. सुजीतचा फोन आधी नुसता वाजायचा, मग तो नंबरच बंद झाला.

पुढच्या वर्षी राजनची आई गेली. हा इथे, अल कुसैसच्या शेअरिंगच्या खोलीत, कॉटवर बसलेला. कानात इअरफोन. पुतण्याने अग्नी दिला, आणि याने ऐकला. गुरुजींचे मंत्र ऐकले, लाकडं ऐकली, मग नेटवर्क गेलं. मला म्हणाला, ‘अरुण, आई शेवटपर्यंत एकच विचारत होती. राजन निघाला का?’ मग म्हणाला, ‘सुज्याला एकदा हे ऐकवायचंय.’

रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

मग आवाजाच्या जोरावर त्याला एक काम मिळालं. जुन्या शारजाच्या त्या टूरचं हिंदी रेकॉर्डिंग. गल्लीगल्लीत स्वतः फिरला, मन लावून केलं. आणि २०१२ला झोपेतच गेला, हार्ट. मेल्यावर मात्र कागद आठवड्यात झाले. सह्या करायला मीच होतो. सगळे ऑफिसर ‘सर, सर’ म्हणत होते.

हं. आता सुजीत.

२०१५. जानेवारीची एकोणतीस, गुरुवार. अमावास्या-बिमावास्या काही नाही, चांगली दशमीची रात्र, चंद्र डोक्यावर. भुतं काही पंचांग बघून निघत नाहीत, अवनी. मधल्या काळात सुजीतने वकिलामार्फत बँकांचं मिटवलं होतं आणि नव्या नोकरीच्या कामाला दोन दिवस आला होता. रात्री दोनच्या विमानाने परत जायचं होतं, जावंच लागणार होतं. या वेळी आई खरंच आजारी होती. शनिवारी सकाळी बायपास. सुजीतला बघितल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणून हटून बसलेली.

हातात चार तास होते. मुलगी आभा आर्किटेक्चरला. तिने सांगितलं होतं, ‘बाबा, तिथल्या बरजीलचे आतून फोटो आण.’ बरजील म्हणजे जुन्या घरांवरचे ते वारा खाली आणणारे उंच मनोरे. एवढंच काम. म्हणून हा गेला. काउंटरवर अलीमियाँ नावाचा म्हातारा होता. बंद करायची वेळ होत आली होती, तरी त्याने डबा दिला. सुजीतने पासपोर्ट पुढे केला. अलीमियाँने तो मागच्या लाकडी खणात ठेवला. ‘बेफिकर रहिए साहब, अमानत है.’

सुजीतने डबा गळ्यात घातला, वायर कानात घातली आणि हिंदीचं बटण दाबलं.

‘नमस्कार. इस पुराने शहर में आपका स्वागत है.’

राजन.

सुजीतला पहिल्या शब्दाला कळलं. राजन गेल्याचं त्याच्या कानावर आलेलं होतं, पण घाबरला नाही तो. रेकॉर्डिंग आहे, गेलेल्या गायकांची गाणी आपण ऐकतोच की. उलट त्याला वाटलं, बरं झालं, बिचाऱ्याला काहीतरी काम मिळालं होतं. ‘बिचाऱ्याला’ म्हणाला. नंतर मला हे सगळं सांगताना, माझ्या तोंडावर. मी हातातला कप खाली ठेवला, नाहीतर फेकला असता.

तर चालला. राजन सांगतोय, डावीकडे वळा. हा वळतोय. भिंतीवर नंबर दिसला की तोच नंबर डब्यावर दाबायचा. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, सागवानी लाकडाचे दरवाजे. फोटो काढतोय. लोक आहेत, पोरं खेळतायत. मोत्याच्या व्यापाऱ्याचं घर आलं. तिथे राजनने पाणबुड्यांचं सांगितलं. पाणबुड्या कमरेला दोर बांधून तळाशी जायचा. वर होडीत एक जण दोर धरून बसायचा. खालच्याचा श्वास संपत आला की तो दोराला हिसका द्यायचा, आणि वरचा ओढायचा. खालच्याचा जीव वरच्याच्या हातात.

‘और अगर ऊपर वाला रस्सी छोड़ दे...’

तिथे रेकॉर्डिंग थांबलं.

सुजीतने डबा हलवला. काही नाही. चार पावलं पुढे गेला. मग आवाज आला, ‘आगे चलिए.’ चालला. ‘दाहिने.’ वळला. ‘दाहिने.’ परत वळला. आता भिंतींवर नंबर नव्हते. पोरांचा आवाज नव्हता. रस्ता तर दोन मिनिटांवर होता, गाड्या ऐकू यायला हव्या होत्या...

‘अंदर आइए.’

एक दरवाजा उघडा होता. आत चौक. चौकाच्या टोकाला खोली, वर बरजील. आभाला हवा होता तसाच. मोबाइल वर धरून हा त्याच्याखाली उभा राहिला. वरून वारा येत होता. गार. ओला. त्याला वास आला समुद्राचा.

‘बस.’

हिंदी नव्हे. मराठी.

‘बस, सुज्या.’

याने कानातली वायर उपटली. हातात धरली... आवाज तसाच येत होता. वरून. त्या मनोऱ्यातून.

‘तू बुडत होतास. मी ओढलं. मग मी खाली गेलो.’

...

‘दोर कोणाकडे होता, सुज्या?’

मग सुजीतच्या हाताला हिसका बसला. वायरला. खालून. डब्यातून निसटलेलं दुसरं टोक जमिनीकडे ताणलं होतं, सरळ, आणि तिथे कोणी नव्हतं.

एक हिसका.

मग आणखी एक.

‘आता मी वर जातो. तू थांब.’

वायर सैल पडली.

पळाला. कुठून कसा, त्याला आठवत नाही. एकदम काउंटरसमोर आला. दिवे, माणसं, अलीमियाँ शटर अर्धं ओढून उभा. सुजीतने डबा टेबलावर टाकला. ‘मेरा पासपोर्ट.’

अलीमियाँ बघतच राहिला. ‘वो तो ले गए, साहब. अभी अभी.’

‘कौन?’

‘आपके दोस्त. मैंने कहा, ऐसे कैसे दूँ? बोले, मैं इनका जामिन हूँ.’ मग म्हाताऱ्याने त्या डब्याकडे बोट दाखवलं. हळूच म्हणाला, ‘सूरत ठीक से देखी नहीं. आवाज़ वही थी... जो इसमें है.’

खण रिकामा होता. फळी तेवढी ओली होती.

पोलिसात गेला. तिथून विमानतळावर गेला, तिकिटाचा कागद घेऊन. एव्हाना अडीच वाजून गेले होते. काउंटरवरच्या मुलीने नाव टाइप केलं, स्क्रीन बघितली. तिच्या वरिष्ठाला बोलावलं. त्याने बघितली. अगदी नम्रपणे म्हणाला, ‘सर, हा पॅसेंजर तर गेला. इमिग्रेशन झालं, बोर्डिंग झालं. सीटवर बसलेला होता.’

‘तो मी नाही! मी इथे आहे!’

‘सिस्टीममध्ये तुम्ही इथे नाही, सर.’

बघा. हरवला म्हणावं, तर हरवला नाही, पासपोर्ट देशाबाहेर गेलाय. गेला म्हणावं, तर माणूस इथे उभा. परत त्याच खिडक्या. ‘बुकरा या.’

पहाटे माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दार उघडलं तर चपला हातात, पाय वाळूने भरलेले. मी आत घेतलं. जेवू घातलं, दोन महिने ठेवलं. सकाळ-संध्याकाळ वकिलाकडे नेलं. जे करायचं ते सगळं केलं. हळहळ मात्र वाटली नाही. खोटं कशाला बोलू?

आई शनिवारी टेबलावर चढली नाही. ‘सुजीत निघाला का?’ म्हणून विचारत राहिली. मृणालिनीने, त्याच्या बायकोने, निघाला आहे म्हणून सांगितलं. रविवारी परत तेच. सोमवारी दुपारी म्हातारी गेली. मृणालिनीने फोन लावून दिला, आणि सुजीतने ऐकलं. त्या सोफ्यावर बसून. विहान, तू बसलायस ना, तिथेच. कानात इअरफोन. गुरुजींचे मंत्र. मग लाकडं. मग...

मी समोर बसलो होतो. मला त्याच्या कानातलं ऐकू येत नव्हतं. पण नेटवर्क गेलेलं मला कळलं, कारण त्याने मान वर करून छताकडे बघितलं. फोन बंद झाला होता, स्क्रीन काळी होती, आणि हा मान डोलावत होता. समोरचा काहीतरी सांगतोय आणि आपण ऐकतोय, तशी. बराच वेळ. शेवटी म्हणाला, ‘हो रे. ऐकलं.’

मी विचारलं नाही कोणाला म्हणालास ते.

एप्रिलमध्ये कसेबसे कागद झाले आणि तो गेला. परत कधी भेटला नाही. फोनला हात लावत नाही म्हणतात, कानाजवळ काही नेलं की उठून जातो.

कोण हाक मारतंय? तुझी आई, केया. जा. दोन मिनिटं थांब, एवढं ऐक आणि जा.

मेमध्ये नाशिकहून कुंदावहिनींचा फोन आला. सासूबाईंचं श्राद्ध होतं. भिंतीवरचा त्यांचा फोटो पुसायला म्हणून खाली उतरवला, तर मागून काहीतरी पडलं. वहिनींना वाटलं पाल. बघतात तर पासपोर्ट. वहिनींनी सुजीतला कधी पाहिलेलं नाही, राजनच्या तोंडून ‘सुज्या’ एवढंच ऐकलेलं. मला विचारत होत्या, ‘भाऊजी, हा माणूस कोण? याचा पासपोर्ट आईंच्या फोटोमागे कसा?’

मी म्हटलं, शेवटचा शिक्का वाचा.

वाचला. मुंबई. आगमन. तीस जानेवारी.

‘आणि भाऊजी, इतके दिवस भिंतीला होता, पण पानं ओली आहेत,’ वहिनी म्हणाल्या. ‘बोट लावून बघितलं. खारट लागतंय.’