शहाण्णवावी पिशवी

त्र्याहत्तर सालच्या माघात मथुरा येरमाळ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरली, आणि उतरल्या उतरल्या एक कागद फाटदिशी तिच्या तोंडावर बसला.

आता माणसाला राग येईल की नाही? धाराशिवपासून उभ्यानं प्रवास, केसांत धूळ, घशाला कोरड... आणि वर हे! तिनं कागद ओढून काढला, तर समोरून एक सडपातळ तरुण दोन्ही हात पसरून धावत येत होता. त्याच्या मागं अख्ख्या फाट्यावर कागदच कागद उडत होते.

"चुरगाळू नका, बाई! तिसरी प्रत आहे ती!"

"मी कशाला चुरगाळू? तुमचा कागदच मला मारायला आला."

"सगळ्याच्या चार-चार प्रती आहेत... ती बघा, त्या म्हशीपाशी... अहो, पाय द्या तिच्यावर!"

"म्हशीवर?"

"प्रतीवर हो!"

मथुरानं पाय दिला. मग दुसऱ्या कागदामागं पळाली, मग तिसऱ्या. कागद गोळा झाले तेव्हा त्याच्या गालावर शाई होती, शर्टाचं एक बटण गेलं होतं, आणि डोळे मात्र हसत होते... नको तितके हसत होते.

"लई उपकार झाले. मी मच्छिंद्र. ते परदेशी मदतीचं पीठ येतं ना, त्या संस्थेचा नवा पर्यवेक्षक. इथनं दोन कोसांवर एक केंद्र आहे, तिथं निघालोय. तिथल्या बालवाडीच्या बाई म्हणे लई तापट आहेत."

"व्हय," मथुरा म्हणाली. "मीच ती."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गावातली धडधाकट माणसं दिवस उगवायला खडी फोडायला जात, आणि मागं राहिलेली एकशे साठ लेकरं मथुराच्या बालवाडीत दुपारी जेवत. जेवण म्हणजे पिवळ्या पिठाची लापशी. ते पीठ साता समुद्रापलीकडून जहाजानं मुंबईला यायचं, तिथून रेल्वेनं, मग ट्रकनं धाराशिवच्या गोदामात, आणि तिथून गावाला. स्वयंपाकाला ठेवलेली विठाबाई ती लापशी मोठ्या पातेल्यात घोटायची आणि रोज म्हणायची, "कुण्या माउलीनं पेरलं, आन कुणाच्या लेकराच्या तोंडी पडलं बघ."

मच्छिंद्र दर बुधवारी सायकलवर यायचा. आला की "जयभीम, बाई," म्हणायचा, आणि लगेच कागद काढायचा. किती लेकरं आली, किती जेवली, कुणाचं वजन किती. सगळं चारदा. एक प्रत त्याला, एक धाराशिवला, एक मुंबईला, एक थेट परदेशात.

"तिथला साहेब हे वाचतो का?" मथुरानं एकदा विचारलं.

"वाचत असेल..."

"लेकरू जेवलं हे चारदा लिहिल्यानं त्याचं पोट चारदा भरतंय व्हय?"

"न्हाय. पण चारदा लिवताना मला इथं बसायला मिळतं," तो मान खाली घालून म्हणाला. शाई सांडली, आणि पुन्हा चार प्रती कराव्या लागल्या.

हा माणूस तिचा जीव खायचा. वाऱ्यानं दर बुधवारी त्याचे कागद उडायचे आणि मथुराला लापशी सोडून गावभर त्यांच्यामागं पळावं लागायचं. शेवटी ती वैतागली. पिठाची एक रिकामी पिशवी घेतली, मशीनवर बसली, आणि खांद्याला अडकवायची झोळी शिवून त्याच्यापुढं आदळली.

"घ्या! ह्यात कोंबा तुमची दप्तरं."

मच्छिंद्र दचकला. "नियमात बसत न्हाय, बाई. केंद्रातली चिंधीसुद्धा आमच्या माणसानं घ्यायची नसते. नोकरी जाते."

"मग उडू द्या कागद. मी आता पळायची न्हाय."

त्यानं झोळीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं... आणि झोळी खांद्याला अडकवली. त्या दिवसापासून मथुराला बुधवारची वाट बघायची खोड लागली. ह्याचा तिला स्वतःचाच भारी राग यायचा. पण मंगळवारी ती डोकं धुवायची, ते काही सुटलं नाही.

वैशाखात, येडाईची जत्रा होऊन पंधरवडा झाला असेल, तो बुधवार सोडून सोमवारीच धापा टाकत आला.

"बाई, वरनं हुकूम आलाय. कुठं तरी कुणी तरी भरल्या पिशव्याच बाजारात विकल्या म्हणं. आता रिकाम्या पिशव्या जमा केल्याशिवाय पुढचा ट्रक सुटायचा न्हाय. तुमच्या शहाण्णव पिशव्या कुठं आहेत?"

मथुरानं पटांगणाकडं बोट केलं. "ती बघा, एक लिंबावर चढलीय. दोन नाक पुसतायत. त्या तिघी फुगडी खेळतायत."

मच्छिंद्र बघतच राहिला. सगळी लेकरं पांढऱ्या जाड कापडाच्या झबल्यांत, परकरांत. एकाआड एकाच्या पाठीवर निळा शिक्का, शिक्क्यात गव्हाची ओंबी.

"तुम्ही दर बुधवारी ह्यांना बघता की हो!"

"मला वाटलं... कपडे संस्थेनंच दिलेत."

"तुमच्या संस्थेनं? चार प्रती करून होईपर्यंत लेकरं म्हातारी झाली असती. उघडी फिरत होती, म्हणून शिवले. आता काय अंगावरनं उतरवून देऊ?"

तो कपाळाला हात लावून खाली बसला. "आणि पीठ?"

"तीन दिवसांचं राहिलंय."

विठाबाईचं पातेलं उकळत होतं. मग मथुराच म्हणाली, "पिशवी रिकामी झाली, एवढंच दावायचंय न्हवं? पिशवीला शिक्का एकच असतो. गोदामाच्या साहेबाला बोलवा. शिक्के मोजू दे."

बुधवारी शिवलिंगप्पा साहेब जीपमधून उतरले. गोदामाचे मुख्य, अंगानं भारी, उन्हानं आधीच तापलेले. बाजेवर बसून त्यांनी मोजायला सुरुवात केली. लेकरं पाठमोरी उभी. एक झबलं दोनदा मोजलं गेलं, कारण ते घालणारं पोर मजा वाटून पुन्हा रांगेत घुसलं होतं. मग पहिल्यापासून मोजणी. मग पाळण्यातली दुपटी. मग एका आजोबांचा पटका.

"चौऱ्याण्णव," साहेब घाम पुसत म्हणाले.

"एक माझ्या अंगातल्या चोळीला हाय," विठाबाई म्हणाली. "पर म्या दावायची न्हाय."

"मांडली! मांडली!" साहेब घाईघाईनं म्हणाले. "पंच्याण्णव. आणि एक?"

लेकरं एकमेकांच्या पाठी बघू लागली. साहेबांनी वही मिटली. "बाई, एक काय अन् शंभर काय, नियम म्हणजे नियम. ट्रक न्हाय सुटायचा."

शहाण्णवावी कुठं आहे हे मथुराला पक्कं ठाऊक होतं. चार हातांवर, मच्छिंद्रच्या खांद्याला. सांगावं तर ह्याची नोकरी जाते, न सांगावं तर उद्यापासून एकशे साठ लेकरं उपाशी. आणि हा माणूस जाईल ह्या नुसत्या विचारानं तिचे डोळे भरून आले, भर उन्हात, सगळ्यांदेखत.

"ती... ती चुलीत जळाली, साहेब," ती म्हणाली. "माझीच चूक—"

"बाई खोटं बोलतायत," मच्छिंद्र म्हणाला. "ती माझ्याकडं आहे."

त्यानं कागद काढून दगडाखाली ठेवले आणि झोळी उलटी केली. आतल्या बाजूनं निळा शिक्का होता. आणि शिक्क्याच्या शेजारी हिरव्या दोऱ्यानं भरलेलं एक लहानसं पान. त्या वर्षी सबंध शिवारात एवढं हिरवं काही नव्हतं.

"अगं बया!" विठाबाई म्हणाली.

मथुराला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे पान त्याला कधी दिसेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"तुला नियम ठाऊक न्हाय?" साहेबांनी विचारलं.

"मीच सगळ्यांना शिकवतो, साहेब."

"मग?"

"मग... पहिल्याच दिवशी पान दिसलं. परत द्यावी वाटंना."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मथुराकडं बघितलं, आणि पोटातून उसासा सोडला. "शहाण्णव," त्यांनी लिहिलं. "ट्रक उद्या येईल. झोळी हितंच जमा कर. आणि तू पुढल्या महिन्यापासनं सोनारीकडची केंद्रं बघ. ह्या बाईपासनं लांब. खुलासा लिहून दे."

"चार प्रतीत?"

"पाच!" साहेब ओरडले.

पीठ आलं. लापशी शिजली. शेवटच्या बुधवारी मच्छिंद्र आला तो कागद छातीशी कवटाळून. फाटकापाशी वारं सुटलं आणि व्हायचं तेच झालं. मथुरा दारात उभी राहिली, हाताची घडी घालून. जागची हलली नाही.

सगळे कागद एकट्यानं गोळा करून तो समोर आला. गालावर पुन्हा शाई.

"बाई, सोनारीला वारं लई असतं म्हणं... ती झोळी द्या की मला."

"नियमात बसत न्हाय. संस्थेच्या माणसाला चिंधीसुद्धा द्यायची न्हाय."

"व्हय..." तो घुटमळला. पायानं माती उकरली. "आणि... घरच्या माणसाला?"

मथुरानं राग शोधला, तर एवढासाही सापडेना. "तुमच्या नियमात घरच्या माणसाचं काय लिहिलंय?"

"काहीच न्हाय. मी रात्रभर वाचून बघितलं."

"मग आज संध्याकाळी आमच्या घरी या. माझ्या वडलांना, अण्णांना भेटा, आणि काय म्हणायचं ते त्यांच्यापुढं नीट लिहून द्या."

तो हसला. तेच डोळे, नको तितके हसरे. "किती प्रती करू?"

तिनं पाठीमागं लपवलेली झोळी त्याच्या खांद्याला अडकवली.

"एकच," ती म्हणाली. "आणि ती माझ्यापाशी राहील."