शेंडीवाले तीन नारळ

"टकलू, उतर ना पाण्यात! भितोस?" ईशानी पायरीवरून ओरडली.

सुश्रुतची परवाच मुंज झाली होती. गुळगुळीत डोकं आणि मागे इवलीशी शेंडी! सख्खी बहीण बकुळ आणि चुलत बहीण ईशानी, दोघींनी त्याचा नुसता छळ मांडला होता. तो चिडून बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरला आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला.

घाटावर कुणी बुडालं की घंटी वाजवणारा नवा कॅमेरा होता. त्याच्याखाली आकडा दाखवणारी पाटी होती, 'पाण्यात माणसे'. बकुळ आधीच पाण्यात होती, म्हणून पाटीवर 'एक' होतं.

"अगंबाई, हा उतरला तरी एकच!" ईशानी टाळ्या पिटत म्हणाली. "यंत्र तुला माणूस मानतच नाही रे!"

बकुळ खो खो हसली. मग तिनं पाटीकडे निरखून पाहिलं.

"ईशानी, तो बुडालेला यात्रेकरू... त्यानंही मुंडण केलं होतं ना?"

गेल्या आठवड्यातली गोष्ट. घाटाचे राखणदार दिनानाथकाका रडत सांगत होते, "इथंच उतरला तो. घंटी वाजलीच नाही! मी उडी मारली, पण हातातून निसटला." यंत्र बसवणारे निनादसाहेब म्हणाले, "नोंदीत पाण्यात शून्य माणसं आहेत. हा म्हातारा राखणदारच पिऊन होता." झालं! तीस वर्षं लोकांना बुडताना वाचवणाऱ्या काकांची शिट्टी काढून घेतली. असल्या साहेबाला आधी चार गटांगळ्या खायला लावायला हव्यात!

दुसऱ्या दिवशी मोठे अधिकारी यंत्र पाहायला आले.

"अगदी स्वस्त संगणकाच्या डब्यावर चालतं, सर," निनादसाहेब मिरवत होते. "अख्खा माणूस ओळखत बसलं तर वेळ जातो. पाण्यावर गोल, काळं, केसाळ दिसलं की माणूस! तो खाली गेला की घंटी!"

"मग हे मोजा!" म्हणत बकुळनं तीन काळपट, शेंडीवाले नारळ पाण्यात सोडले.

पाटीवर 'तीन' आलं! अधिकाऱ्यांच्या भुवया वर चढल्या. ठरल्याप्रमाणे सुश्रुत उतरला आणि हातपाय झाडत ओरडला, "वाचवा!" पाटी तीनवरच. घंटी गप्प. तेवढ्यात लाटेखाली एक नारळ गेला आणि घंटी ठणाणा वाजली!

"नारळाला जीव आहे, माझ्या भावाला नाही!" बकुळ ओरडली.

"आवरा या कार्ट्याला, नाटकं करतोय," निनादसाहेब खेकसले.

नाटकच होतं. पण सुश्रुतचा पाय शेवाळावरून सटकला आणि तो खरंच खाली गेला. निनादसाहेब पाटीकडे बघत राहिले. दिनानाथकाकांनी मात्र कपड्यांनिशी उडी घेतली आणि शेंडी धरून पोराला वर ओढलं.

"शाबास पोरांनो!" अधिकाऱ्यांनी तिघांची पाठ थोपटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांना शिट्टी परत मिळाली.

"सोपं आहे, सर," निनादसाहेब घाईघाईनं म्हणाले. "याच्या डोक्याचे फोटो घेऊ, यंत्राला शिकवू."

काका निथळत उभे होते. त्यांनी शिट्टी गळ्यात घातली नाही.

"साहेब, त्या माणसाच्या मुलाला तुम्ही सांगितलंत, तुझा बाप इथं उतरलाच नाही. आठवडा झाला, तो पोरगा भलत्याच घाटांवर शोधत फिरतोय. त्याला फोन लावा. तुम्हीच सांगा."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. निनादसाहेबांनी फोन लावला. पहिल्याच रिंगला कुणीतरी उचलला. आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"साहब! बाबूजी मिल गए क्या?"

मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही मान वर केली नाही.