सुईचा गळपट्टा

"माझी सुई गेली हो!"

शिंपीणबाई रडतच आत आल्या. दाजींना वाटलं, शिवायची सुई. एका सुईपायी गुप्तहेराचं दार ठोठावणारी बाई त्यांनी आजच पाहिली.

"कुत्री आहे ती, दाजी. बाईंच्या हातात गळपट्टा आहे, दिसत नाही का?" भिंगताई म्हणाली. "बसा बाई. पहिल्यापासून सांगा."

भिंगताई ही दाजींची मेहुणी, आणि गुप्तहेर तीच. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून लोकांनीच तिचं नाव भिंग ठेवलेलं. निवृत्त झाल्यापासून दाजी तिच्या मागं हिंडत आणि तिचं आपल्यावाचून पान हलत नाही, असं घरी बायकोला सांगत.

"सुई अझावाख जातीची आहे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "शहरात तशी दुसरी नाही. वासानं नव्हे, डोळ्यांनी शिकार करणारी जात. पायाशी पडलेलं बिस्किट तिला सापडत नाही, पण मैदानाच्या टोकाला कागद उडाला तरी दिसतो. सकाळी सातला कपडे पोचवायला गेले, तिला अंगणात सोडून. तासाभरानं परत येते तो फाटक उघडं आणि हा पट्टा कडीला लटकलेला. सगळे म्हणतात, मीच कडी लावली नाही. नसेल का हो लावली मी?"

"होतं असं," दाजी समजुतीनं म्हणाले. "घाईत विसरतो माणूस."

बाईंचा चेहरा आणखीच उतरला. भिंगताईनं दाजींकडे असं पाहिलं की ते मुकाट्यानं पाणी आणायला उठले.

"बाहेर ही थंडी, आणि तिच्या अंगावर चरबी म्हणून नाही. मी शिवलेला लोकरीचा कोट ओसरीतल्या खुंटीवर तसाच आहे. आजची रात्र काढणार नाही हो ती!"

भिंगताईनं पट्टा उलटसुलट केला. "याला बक्कल कसं नाही?"

"तिची मान डोक्याहून जाड. साधा पट्टा सटकन निघतो, म्हणून मी हा बेतला. ओढ बसली की आवळतो. काढायचा तर दोन्ही हातांनी सैल करून कानांवरून सोडवावा लागतो."

तिघं बाईंच्या घरी पोचली, तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातल्या मास्तरीणबाई अंगणातच उभ्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"सुटली बिचारी!" त्या कडाडल्या. "फासळ्या मोजून घ्याव्यात अशी उपाशी ठेवलेली. नगरपालिकेत दोनदा अर्ज केला मी!"

"ती जातच तशी असते, किती वेळा सांगू?" शिंपीणबाई रडवेल्या झाल्या.

"बरं, आणि आज पाणीही चढवलं नाही त्या मेल्या घरमालकानं. रोज साडेसातला जिन्याखालच्या खोलीतला पंप लागतो, आज टाकी कोरडी. या हातानं बादल्या वाहू की काय मी?"

सुई पिल्लू असताना तिला ज्याच्याकडून आणलं, त्यानं गेल्याच आठवड्यात ती परत मागितली होती. भिंगताईनं त्याला फोन लावला. सुई हरवली म्हणताच त्यानं पहिला प्रश्न केला, "कोट आहे ना अंगात?"

वरच्या मजल्यावर घरमालक मात्र तयारच बसले होते.

"डोळ्यांनी पाहिलं मी! भिंतीपलीकडे मांजर ओरडलं. कुत्रीनं नाक जमिनीला लावलं आणि वास काढत फाटकाशी गेली. पट्टा कडीत अडकला, तिनं हिसडा देऊन मान सोडवली आणि रस्त्यानं पसार! बाई भाडेकरू म्हणून लाख चांगल्या, पण निष्काळजी."

"आणि पंप?"

"बिघडलाय."

दाजी कुजबुजले, "झालं तर मग. साक्षीदारच सापडला."

"सापडला खरा," भिंगताई म्हणाली. समोरच्या बेकरीत जाऊन आली आणि तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"बेकरीपुढे सातपासून रांग होती. माणसाच्या कमरेएवढी कुत्री रस्त्यानं धावली असती, तर बोभाटा झाला असता. एकालाही दिसली नाही. म्हणजे ती फाटकाबाहेर गेलीच नाही."

"मग मी खोटं बोलतो?" घरमालक उसळले.

"धडधडीत! हिसडा दिला की हा पट्टा आवळतो, सुटत नाही. तो दोन हातांनी काढलाय. म्हणजे मास्तरीणबाई सुटल्या. सुईला नेऊन सांभाळायची असती, तर पिल्लूवाल्यानं कोट आधी उचलला असता. राहिला तुम्ही पाहिलेला तमाशा. जिला पायाजवळचं बिस्किट हुंगून सापडत नाही, ती न दिसलेल्या मांजराचा माग काढत निघाली? इतर कुत्री करतात, ते तुम्ही तिच्या नावावर खपवलंत. आणि रोजचा पंप आजच का बिघडला? कारण पंपाच्या खोलीचं दार उघडायची तुमची छाती नव्हती. काढा किल्ली!"

जिन्याखालची खोली उघडली. ओल्या फरशीवर सुई अंगाचं मुटकुळं करून पडली होती. तोंड चिंधीनं बांधलेलं. शिंपीणबाई धावल्या, चिंधी सोडली आणि तिला छातीशी धरून तिथंच बसल्या. मास्तरीणबाईंनी अंगावरची शाल एका हातानं ओढून काढली आणि दोघींवर टाकली. "नरकात जाशील रे!" त्या घरमालकांवर ओरडल्या.

"मला बाई नकोशा नव्हत्या," घरमालक पुटपुटले. "कुत्री तेवढी नको होती. संध्याकाळी लांब सोडून येणार होतो. एका कुत्रीसाठी एवढा तमाशा?"

शालीतला थरथराट हळूहळू कमी झाला. सुईनं मान उचलून बाईंच्या हनुवटीला नाक लावलं. तेव्हा कुठं बाईंनी वर पाहिलं. आता त्या रडत नव्हत्या.

"कुत्रीचं सोडा," त्या म्हणाल्या. "ती कुठंतरी गारठून मेली असती, आणि तुम्ही रोज जिन्यात भेटून मला म्हणाला असतात, बाई, कडी लावायला हवी होती. मी ते खरं मानलं असतं. मरेपर्यंत!"