शिफ्टखाली अडकलेली अक्षत

दसऱ्याला बाबांनी माझ्या लॅपटॉपची साग्रसंगीत पूजा केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पासवर्डच घेईना. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. बंद केला, चालू केला, दोन चापट्याही मारल्या. संध्याकाळी मला गणिताचा ऑनलाइन क्लास घ्यायचा होता. शेवटी चिडून परभणीच्या स्टेशन रोडवर जे पहिलं दुकान उघडं दिसलं, त्यात शिरले.

दुकानदार माझ्याच वयाचा. त्याने बाहेरचा कीबोर्ड जोडून पाहिला, तोही चालेना. आता नवीन घ्या म्हणणार, असं मला वाटलं. तो मात्र एक बटण नुसतं दाबून धरून बसला... आणि पडद्यावर पासवर्डचा एक ठिपका उमटला.

“बिघडला न्हाई, सावध झालाय,” तो म्हणाला. “उजवी शिफ्ट लय वेळ दबून राहिली की हा हलक्या बोटाला दाद देत न्हाई. दाबून धरलं तरच ऐकतो.”

“आमच्या बाबांसारखा,” मी म्हणाले.

तो हसला. गालाला खळी पडली... मी ती बघितली, आणि मी बघितलेलं त्यानेही बघितलं. मग पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन त्याने कसलीशी सेटिंग बंद केली आणि शिफ्टचं बटण अलगद उचकटलं. खाली कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा.

“पूजा केली?”

“मग? तुम्ही नाही करत दुकानाची?”

“न्हाई. त्या दिवशी आमचा धम्मचक्र दिन. काल नागपुरात होतो, रात्रीच्या गाडीनं आलो.”

सांगताना त्याने आवाज खाली आणला नाही, मानही नाही. बघू ही आता काय करते, अशा नजरेने माझ्याकडे पाहत राहिला. मी काय करणार? नाव विचारलं. सिद्धोधन.

त्यानंतर माझा लॅपटॉप वरचेवर आजारी पडायला लागला.

“याला कायबी झालेलं न्हाई,” एकदा तो म्हणाला.

“नीट बघा ना...”

“नीटच बघायलोय.”

लॅपटॉप टेबलावर होता. तो बघत होता माझ्याकडे.

हिवाळ्यात आम्ही त्याच्या मोटरसायकलवरून चारठाण्याची देवळं पाहून आलो. येताना थंडीने मी त्याच्या पाठीला गाल टेकवला, आणि त्याने उगाचच गाडी हळू केली. मी प्रेमात पडले होते, पार बुडाले होते.

मग घरात माझ्यासाठी स्थळ आलं. मी सिद्धोधनला म्हटलं, बाबांना हळूहळू पटवते, तोवर गुपचूप भेटू. त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला.

“मी तुझ्यावर प्रेम करतो, स्वरदा. पण लपवायची गोष्ट म्हणून न्हाई ऱ्हाणार. घरी माझं नाव घेता येत नसंल तर... इथं येऊ नको.”

मला रडू आलं. राग त्याचाच आला. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

त्याच संध्याकाळी मी घरी त्याचं नाव घेतलं. बाबा ताडकन उठले.

“तो कोण आहे, माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे. म्हणून तर नाव घेऊन सांगतेय.”

या घरात ते नाव पुन्हा नको, असं बाबा म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिथेच फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

“सिद्धोधन, घरी ये. बाबा ऐकतायत.”

पलीकडे स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“इस्त्रीचा शर्ट घालून येतो,” तो म्हणाला.

तो आला तेव्हा गल्लीतली निम्मी दारं उघडी होती. बाबा चौकटीला दोन्ही हात लावून उभे. पायऱ्यांखालून त्याने नमस्कार केला. बाबा जागचे हलले नाहीत.

मी बाबांच्या हाताखालून वाकून बाहेर पडले आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. तळवा घामाने ओला होता... या शूरवीराचा!

“बाबा, हा आत येणार नसेल तर मीही येणार नाही. आम्ही इथेच बसतो.”

आणि मी पायरीवर बसले. तो शेजारी बसला. हात मी सोडला नाही. समोरच्या काकू बघत होत्या, बघू देत.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागून बांगड्या वाजल्या. आई दोन्ही हातांत वाफाळते कप घेऊन बाबांच्या मागे उभी होती, आणि बाबांचे हात अजून चौकटीवर तसेच होते.

“बाजूला व्हा,” आई त्यांना म्हणाली. “चहा सांडेल.”

आणि बाबांनी हात खाली घेतले.