शटडाउनचा शब्द

"वयनी, यंदा शेवटचं विचारतोय. येणार हाईस का न्हाई?"

ज्ञानेशचा तो आवाज ऐकला आणि कुशाबाईच्या हातातली डब्याची कडी हातातच राहिली. अंगणात सगळी तयारी झालेली होती. ज्ञानेशची लेक साक्षी नव्या स्वेटरमध्ये टुणटुण उड्या मारत होती, त्याची बायको वर्षाराणी पाण्याच्या बाटल्या पिशवीत कोंबत होती आणि बबनराव, कुशाबाईचे यजमान, टोपी नीट करण्याच्या निमित्तानं भिंतीकडं तोंड करून उभे होते. चौदा वर्षांत या प्रश्नाच्या वेळी त्यांना टोपी नीट करण्याचं काम हमखास निघे!

"मला न्हाई जमायचं रं... कॅन्टीनला जायचं हाय," कुशाबाई खाली मान घालून म्हणाली. "तुमी जाऊन या. पोरीला जपा."

"व्हय, जमायचंच न्हाई!" ज्ञानेश उसळला. "तुला आमच्यापेक्षा ओव्हरटाइम गोड! साल भरलं की आमी पाच-पन्नास बेत करायचे आन् तू कपाळाला आठी घालून कंपनीची वाट धरायची. बरं झालं, पुढल्या महिन्यात आमी पिंपळे सौदागरला ऱ्हायला चाललोय. मग कुणी इचारणारबी न्हाई तुला!"

"अहो, काय बोलताय सकाळी सकाळी?" वर्षाराणी कळवळून म्हणाली, पण बाण सुटून गेला होता आणि नेमका लागायचा तिथंच लागला होता. कुशाबाईनं डबा तिच्या हातात दिला, साक्षीच्या गालावरून हात फिरवला आणि चुलीपाशी जाऊन उगाच विझत आलेल्या लाकडांवर पाणी मारलं. डोळ्यांतलं पाणी धुराच्या नावावर खपवायची सोय बाईमाणसाला देवानंच करून ठेवलेली आहे, दुसरं काय!

सासू गेली तेव्हा ज्ञानेश दीड वर्षाचा होता. कुशाबाईच्या मांडीवर तिची स्वतःची दिव्या तेव्हा सहा महिन्यांची. दोन्ही लेकरं तिनं एकाच कुशीत वाढवली. दिव्या यथाकाळी जुन्नरला सासरी गेली आणि दीर मात्र पोटच्या पोरासारखा घरात राहिला. तो तिला 'वयनी' म्हणे एवढंच. बाकी ताप आला तरी वयनी, परीक्षेला जाताना वयनी, आणि आयटीआयचा पहिला निकाल लागला तेव्हा धावत आला तोही बापाआधी वयनीकडंच!

आणि त्याच वयनीवर आज असा आरोप... तोसुद्धा डिसेंबरातल्या सहलीवरून!

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, सहलीचं एवढं काय अवडंबर? पण त्या घरात सहल म्हणजे सणच. कारण त्या घरात सुट्ट्यांचा मेळ कधीच बसत नसे. ज्ञानेशची सुट्टी गुरुवारी, वर्षाराणीची माणच्या आयटी पार्कातली शनिवार-रविवार, साक्षीच्या शाळेची रविवारी, आणि बबनरावांच्या शेतीला तर सुट्टी ठाऊकच नाही. वर्षाकाठी एकच आठवडा असा येई की सगळी एका छपराखाली सापडत. नाताळापासून एक तारखेपर्यंत चाकणच्या कंपन्या शटडाउन घेत, यंत्रं बंद करून त्यांची दुरुस्ती चाले आणि लाइनवरच्या माणसांना सुट्टी मिळे. त्या आठवड्यात वर्षाराणी हटकून रजा टाकी. मग दिवसभराचा पास काढून पीएमपीच्या बसनं भटकायचं, घरच्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी कुठल्याशा बागेत झाडाखाली बसून खायची, की झाली सहल. एकदा पेशवे उद्यानातल्या फुलराणी गाडीत साक्षी तीनदा बसली. एकदा हौसेनं कात्रजला वाघ बघायला गेले तर तो निघाला बुधवार, प्राणिसंग्रहालयाला टाळं! बबनरावांनी फाटकासमोरच डबा सोडला आणि म्हणाले, "वाघालाबी सुट्टी पायजेच की!" मेट्रो स्वारगेटपर्यंत झाली त्या वर्षी तर साक्षीनं नुसता या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवास मागितला होता.

हे सगळं कुशाबाईला तोंडपाठ होतं. पाहिलेलं मात्र काहीच नव्हतं.

ज्ञानेश चाकणच्या ज्या कंपनीत होता तिथल्याच कॅन्टीनमध्ये ती चपात्यांच्या ओट्यावर काम करी. शटडाउनमध्येही दुरुस्तीवाले आणि बाहेरचे ठेकेदार मिळून दोनशे-अडीचशे माणसं जेवायला असतच. त्या आठवड्यात बायका मिळत नसत. मराठवाड्याकडच्या गावी जात, लोणावळ्याकडच्या माहेरी जात. एकटी कुशाबाई मात्र न चुकता हजर!

आजही ती हजर झाली. पदर खोचला, डोक्याला कापडी टोपी बांधली आणि इंद्रायणीसमोर लाटणं घेऊन उभी राहिली. इंद्रायणी परभणीकडची, नवी आणि बोलघेवडी.

"काकू, डोळे सुजलेत की तुमचे."

"कांदा चिरला सकाळी."

"आन् चपातीवर का टपकायलंय मग कांद्याचं पाणी?"

कुशाबाई हसली आणि मनगटानं डोळे पुसले. कसं सांगायचं या पोरीला? पिंपळे सौदागरला जाऊ नये असं तिचं म्हणणं मुळीच नव्हतं. साक्षीला चांगली शाळा मिळेल, वर्षाराणीची रोजची दगदग थांबेल, पोरं सुखी होतील, आणखी काय हवं? पण ज्या पोराला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तो घराचा उंबरा ओलांडताना मनात 'वयनी पैशाला भुलली' असं घेऊन जाणार... हा विचार तिच्या काळजाला डागण्या देत होता. रागावून गेलेलं माणूस परत येतं, पण मनातून उतरून गेलेलं कुठं शोधायचं?

दुपारी बाराच्या सुमारास पहिली पंगत बसली. भाजीच्या रांगेत एक ओळखीचा निळा शर्ट दिसला आणि कुशाबाईच्या हातातलं लाटणं निसटलं.

ज्ञानेश! तो इथं कसा?

तोही ओशाळलेला दिसत होता. तो कुणाला तरी सांगत होता ते तिला ऐकू आलं. कात्रजला निघालेले सगळे भोसरीपर्यंत पोचले होते, तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. कन्व्हेयरची साखळी बदलताना अडली होती आणि त्या साखळीची खोड ज्ञानेशशिवाय कुणाला कळत नव्हती. साक्षी रस्त्यातच रडायला लागली. शेवटी बबनराव म्हणाले, "कात्रज राहू दे, आमी निगडीला दुर्गा टेकडीवर बसतो, तू काम उरकून ये." काम तर उरकलं होतं, पण पोटात कावळे ओरडत होते.

कॅन्टीनचा मुकादम दत्तोबा तेवढ्यात वाढप्यांवर खेकसत तिकडं आला. ज्ञानेशला बघून त्याचा चेहरा उजळला.

"आरं, सायेब शटडाउनला! सूर्य कुठं उगवला म्हणायचा?" मग आवाज किंचित खाली आणून, पण ओट्यापर्यंत पोचेल इतपतच खाली आणून, त्यानं विचारलं, "एक सांग बाबा. तुझ्या वयनीला हौस तरी कसली रं? पायाला सूज हाय, तरी दरसाल शटडाउनला उभी. मी म्हणतो, बस की घरी!"

"ओव्हरटाइम गोड लागतोय तिला, मुकादम," ज्ञानेश तुसडेपणानं म्हणाला.

"ओव्हरटाइम?" दत्तोबानं डोळे विस्फारले. "शटडाउनला कसला आलाय ओव्हरटाइम? आमच्या बायकांना साधी हजेरी लागती. एक रुपाया जास्त न्हाई!"

ज्ञानेशच्या हातातलं ताट तसंच राहिलं. कुशाबाईला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं! ती झटकन ओट्याच्या आडोशाला सरकली, पण दत्तोबाच्या आठवणीची गाडी एव्हाना सुटली होती. कपाळावर हात मारून तो मोठ्यानं म्हणाला,

"थांब... थांब! कुशाबाई, इकडं ये! तू अजून तो शब्द धरून बसलीस का काय?"

"कसला शब्द?" ज्ञानेशनं विचारलं.

"आवं मुकादम, जाऊ द्या ना..." कुशाबाईनं हात जोडले. ते हात पिठानं पांढरे झाले होते.

"जाऊ कसं देऊ? ऐक, ज्ञानेश. तू आयटीआय करून दोन वर्सं घरी बसला व्हतास. ट्रेनी घेणाऱ्या सायबाचं जेवण मी वाढायचो. तुझी वयनी माज्याकडं आली, म्हणली, माझ्या दिराचा अर्ज तेवढा सायबाच्या टेबलावर पोचवा. त्या साली शटडाउनला चपातीला एक बाई मिळंना, मी मेटाकुटीला आलेलो. म्हणलं, तू दर शटडाउनला उभी राहशील तर मी अर्ज पोचवतो. ती म्हणली, दिला शब्द. गळ्यातल्या काळ्या मण्याला हात लावून म्हणली! मी तर दोन वर्सांत इसरूनबी गेलो, आन् ही बाय..." दत्तोबा तिच्याकडं वळला. "बाई, मला एकदा इचारायचं तरी!"

"कसं इचारणार?" कुशाबाई हळूच म्हणाली. "शब्द देणाऱ्यानं मोडायचा नसतो. घेणाऱ्यानं सोडवायचा असतो. तुमी सोडवला न्हाई... मी येत राह्यले."

ज्ञानेश ताट तिथंच ठेवून ओट्यामागं आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चौदा वर्सं... वयनी, चौदा वर्सं! मला का न्हाई बोललीस?"

"काय बोलू? नोकरी लागली तवा तू गावभर सांगत हिंडलास, कुणाचा वशिला न्हाई, माझ्या मार्कांवर लागलो. किती आनंद व्हता तुझ्या तोंडावर! त्यो कसा मोडू? आन् खरंच हाय ते, परीक्षा तूच दिलीस, काम तूच केलंस. मी फकस्त दार लोटलं रं. ह्यांनाबी मीच शपथ घातली व्हती."

"आन् मी सकाळी तुला..." पस्तीस वर्षांचा तो बाप्या, हाताखाली बारा माणसं असलेला, त्या दोनशे माणसांच्या कॅन्टीनमध्ये वयनीच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला. "वयनी, मला माफ कर... माफ कर गं!"

"ऊठ, येड्या! लोकं बघत्यात." तिनं त्याचं डोकं कुशीत घेतलं आणि त्याचे केस पिठानं माखले. तिच्या अंतःकरणात कित्येक वर्षं साठलेलं काहीतरी सुटं झालं. तिला त्याचा राग कधीच आला नव्हता. पण त्याला सत्य कळावं अशी आस मात्र होती, कुणाला न सांगता, देवाजवळही न मागता बाळगलेली. आज ती फळाला आली आणि तिला आभार नक्की कुणाचे मानावेत तेच कळेना... दत्तोबाचे, अडलेल्या साखळीचे, की देवाचे!

दत्तोबानं उपरण्यानं नाक पुसलं आणि एकदम मुकादमी आवाज काढला. "कुशाबाई, तुझा शब्द मी सोडवला! इतक्या लोकांदेखत सोडवला. आता एक तारखेपस्तोर इथं तोंड दाखवायचं न्हाई."

"आवं, पण दुसरी पंगत? चपात्या कमी पडतील!"

"पडू द्या. भात वाढवू. लोकं काय उपाशी मरत न्हाईत." आणि खिशातून चावी काढून त्यानं ज्ञानेशच्या हातात कोंबली. "घे माझी गाडी. टेकडीवर घेऊन जा तिला."

तळवड्याच्या रस्त्यानं गाडी निघाली. डिसेंबरचं ऊन कोवळं होतं आणि वारा गार होता. ज्ञानेश मधूनच डोळे पुसायला एक हात सोडी आणि कुशाबाई मागून ओरडे, "दोनी हात धर, मला पाडशील!" असं करत करत दोघं निगडीला पोचले.

टेकडीवर नुसती गर्दी लोटली होती. कुणाची सतरंजी, कुणाचा बॅडमिंटनचा खेळ, कुणाची पोरं घसरगुंडीवरून उतरायलाच तयार नव्हती. कॅन्टीनची टोपी डोक्यावर तशीच असलेल्या कुशाबाईला लांबून पाहिलं आणि साक्षी किंचाळली, "मोठी आई आली! मोठी आई आली!" ती अशी धावत सुटली की वाटेतल्या तीन सतरंज्या तुडवून गेली. वर्षाराणीनं ज्ञानेशच्या तोंडून सगळं ऐकलं आणि भर गर्दीत जावेच्या पायाशी वाकली. "ताई, आम्ही किती आंधळे हो!" ती म्हणाली. बबनराव मात्र या खेपेला टोपीला हात न लावता सरळ बायकोकडं बघत राहिले.

"सुटलो बाबा एकदाचा," ते म्हणाले. "चौदा साल तोंड दाबून दाबून माझे दात दुखाय लागलं व्हतं!"

रडता रडता सगळी हसली.

थोड्या वेळानं ज्ञानेश तिच्या शेजारी येऊन बसला. खाली निगडी-चिंचवडच्या इमारती पसरल्या होत्या. "वयनी, पिंपळे सौदागरचं घर मी नको म्हणून कळवतो. आपण एकत्रच राहू."

"खुळा का काय? पोरीची शाळा हाय, वर्षाराणीचे हाल व्हत्यात. जायचंच." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू जाणार याचं दुःख नव्हतं रं मला. तू मनात आढी धरून जाणार याचं भ्या वाटत व्हतं. आता खुशाल जा. मी येऊन चार दिवस राहीन, तुझ्या बायकोच्या हातचं खाईन, आन् भांडूनबी येईन!"

ज्ञानेशनं तिचा हात घट्ट धरला. कुशाबाईनं भोवती पाहिलं. साक्षी तिच्या मांडीवर डोकं टेकून पहुडली होती, यजमान शेंगा सोलून तिच्या ओंजळीत टाकत होते आणि कुणालाही कुठं जायची घाई नव्हती. तिचं हृदय कृतज्ञतेनं इतकं भरून आलं की डोळ्यांना पुन्हा धार लागली, आणि या वेळी तिनं ती लपवली नाही. उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही मागायची तिला सवय नव्हती. म्हणून आधी ती लाजली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, मग हळूच दिराच्या कानाशी वाकली.

"ज्ञानेश... एक तारखेला अजून चार दिवस हायेत न्हवं? मग उद्या कुठं जायाचं आपण?"