जाताना तीन, येताना दोन

शेवटची गाडी आगारात लागली, रिकामे डबे घेऊन माणसं घरी गेली आणि विश्रांतीगृहात तिघंच उरली. चौतीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले, पण घरी झोप लागत नाही म्हणून रोज इथल्या बाकड्यावर येणारे उस्ताद. पहाटेच्या पहिल्या गाडीवर जाणारी नवी कंडक्टर. आणि कितीही पुसले तरी हात काळेच राहिलेला मेकॅनिक.

"आज मोजणीत एक माणूस जास्त भरत होता," कंडक्टर बूट काढता काढता म्हणाली. "दोनदा मोजलं, मग दिलं सोडून."

उस्तादांनी पाय वर घेतले. "सोडून देत जाऊ नकोस."

"झालं, आता भूत निघणार," मेकॅनिक म्हणाला. "उस्ताद, मला अजून तासभर एकट्याला गाडीखाली झोपायचंय."

"मग कान झाकून बस."

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार आणि त्याला लागून आलेला रविवार. उस्तादांच्या गाडीवर एकवीस वर्षं एकच कंडक्टर होता. त्याला सगळे घंटीमास्तर म्हणत. प्रवासी ओरडोत, वरचे साहेब ओरडोत, तिकिटं आणि डोकी जुळल्याशिवाय त्याने कधी सुटायची घंटी दिली नाही. म्हातारपणी त्याची आठवण गेली. आधी रस्ते गेले, मग बायको वारल्याचं गेलं, मग मुलाचं नाव. राहिली ती मोजणी, आणि तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. बाकीच्यांचे चिमटे केव्हाच भंगारात गेले होते. याचा मात्र बिल्ला नंबर कोरलेला चिमटा चोवीस तास खिशात. घरी कोणी आलं की दारातच कट्. "तिकीट?" रात्री दोनला उठून मुलाच्या आणि सुनेच्या डोक्यावर बोट ठेवून मोजायचा. एक, दोन. मग स्वतःच्या छातीवर बोट. तीन. मगच झोपायचा.

मुलगा मालवाहतुकीच्या गोदामात होता. कुठला खोका कुठल्या ट्रकने कुठल्या गावी जाणार, ते तो ठरवायचा. चोख माणूस. त्याच्या हातून निघालेला खोका कधी चुकला नाही.

त्या शुक्रवारी दुपारी तो स्टँडवर तिकिटं काढायला गेला. सहा तासांवरचं शहर. त्याने कधी पाहिलेलं नाही, तिथे नात्यातलं कुणी नाही, तिथली भाषाही वेगळी.

"जाताना तीन, येताना दोन?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"वडील राहणार आहेत. माझ्या बहिणीकडे."

त्याला बहीण नव्हती.

घरी वहीत सगळं आखलेलं होतं. शनिवारी बाग आणि घड्याळाचा मनोरा. रविवारी संग्रहालय, मग बाजार. लॉजवाल्याला फोन करून झाला होता, ओळखपत्र एकाचंच चालेल ना. स्टँडवर गर्दी कधी असते, ते त्याने फोनवर शोधून ठेवलं होतं. लोक गर्दी टाळायला शोधतात. रविवारच्या खाली शेवटची ओळ होती: रात्री दहा वीस, बाबा, शेवटच्या फलाटाचं बाकडं.

"आणि लोकांना काय सांगायचं?" बायकोने विचारलं.

"गर्दीत हात सुटला. आठवडाभर हळहळतील, मग लागतील आपापल्या कामाला."

"पोलीस पत्ता शोधत आले तर?"

"पत्ता नसलेला खोका परत येत नाही."

तिने चार वर्षं सासऱ्याची ओली अंथरुणं धुतली होती. म्हातारा एकदा भरकटला, तेव्हा त्याच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत तिने फोन नंबरची पट्टी शिवली होती. त्या रात्री ती दिव्याखाली बसली आणि सुईच्या टोकाने एकेक पट्टी उसवली. वेळ लागला. टाके घट्ट होते. तिचेच होते.

"असं कोण करतं हो?" कंडक्टर म्हणाली.

"दमलेली माणसं करतात," उस्ताद म्हणाले. "दमलं म्हणून मी नावं नाही ठेवत. पण वाजवायला दारं होती. माझं दार दोन गल्ल्या सोडून होतं. त्याने वाजवलं नाही." मग म्हणाले, "आणि मी वर्षभर तिकडे फिरकलो नव्हतो. तेही ऐकून ठेव."

सहल मात्र छान झाली. म्हातारा कधी नव्हे इतका खुशीत होता. बागेतली माणसं मोजली, मनोऱ्याच्या पायऱ्या मोजल्या. फोटो काढताना सून म्हणायची, "बाबा, जरा बाजूला व्हा हं." तो हसत बाजूला व्हायचा. सगळे फोटो दोघांचेच निघाले. रविवारी संध्याकाळी त्याने मुलाच्या पाठीवर थाप मारली. "साहेब, आखणी चोख आहे तुमची. कुठल्या आगाराचे तुम्ही?"

मुलगा हसला. खरंच हसला, कारण सगळं वेळेवर चाललं होतं.

रात्री दहा वीसला त्याने वडिलांना शेवटच्या फलाटाच्या बाकड्यावर बसवलं.

"बाबा, चिमटा द्या. गंजलाय. तेल घालून आणतो."

चिमट्यावर नंबर होता ना. नंबरावरून आगार निघालं असतं, आगारावरून घर.

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच खिसा धरून ठेवला. "मग तिकिटं कशाने मारू?"

"आत्ता आणतो."

खूप वेळ बघून त्याने चिमटा दिला. "लवकर या साहेब. मोजणी व्हायचीय. मोजल्याशिवाय गाडी सोडायची नाही."

"नाही सोडत."

त्यांची गाडी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला होती, अकरा दहाची. मुलाने चिमटा बॅगेत तळाशी टाकला, चेन लावली, छोटं कुलूप घातलं आणि बॅग दोन पायांच्या मध्ये ठेवली. बायको खिडकीशी, तो मधल्या वाटेच्या कडेला. मध्येच पलीकडच्या टोकाला आरडाओरडा झाला. माणसं धावली. बायकोने मान वळवायला घेतली.

"बघू नकोस," तो म्हणाला.

अकरा वाजता कंडक्टर मोजायला आला. तिकिटं एकतीस. डोकी बत्तीस. पुन्हा मोजलं. बत्तीस.

"बिनतिकिटाचं कोण आहे, आत्ताच सांगा," तो म्हणाला. सगळी तिकिटं तपासली. सगळ्यांकडे होती. पुन्हा मोजलं, मोठ्याने. "…तीस, एकतीस, बत्तीस."

"अहो चला ना," मुलगा म्हणाला. "घ्या एकतीस धरून."

तेवढ्यात घंटी झाली. टण, टण. सुटायची. ड्रायव्हरने गाडी काढली.

कंडक्टर जागीच उभा होता. हात रिकामे. त्या गाडीला दोरीची घंटी नव्हतीच. बटणाची होती, आणि ती टण वाजत नाही.

शहर मागे पडलं. दिवे मालवले. माणसं पेंगली. मुलाने डोळे मिटले. सगळं आखल्याप्रमाणे झालं होतं.

कट्.

मागून आला आवाज. अगदी शेवटच्या रांगेतून.

त्याने पायांनी बॅग दाबली. बॅग तिथेच होती. कुलूप तिथेच होतं.

कट्… कट्.

एक रांग पुढे. घाई नाही. तिकीट घ्यायचं, मारायचं, परत द्यायचं. एवढाच वेळ मध्ये जायचा. लहानपणी शाळेच्या सुट्टीत तो वडिलांच्या गाडीत झोपायचा, याच आवाजावर. तो आवाज त्याला चुकणार नव्हता.

कट्… कट्.

"ऐकतेयस?" तो पुटपुटला. बायकोने डोळे घट्ट मिटले होते. ती ऐकत होती.

मागची रांग. कट्. कट्.

मग…

शेजारी कोणीतरी उभं राहिलं. गाडी वळली, पण ते हललं नाही.

"तिकीट."

त्याने मान वर केली नाही. खिशातून दोन तिकिटं काढली आणि अंधारात धरली. घेतली गेली.

कट्.

कट्.

तिकिटं हातात परत आली. पावलं हलली नाहीत.

"तिसरं?"

गाडी चालली होती. त्याच्या डोक्यावर एक बोट ठेवलं गेलं. हलकं. रोज रात्री ठेवायचा तसं.

"एक…"

मग बायकोच्या डोक्यावर.

"दोन…"

मग काहीच नाही.

मग कानाच्या पाळीला थंड लोखंड लागलं.

कट्.

ओरडला तेव्हा दिवे लागले. वाटेत कोणी नव्हतं. एकतिसांपैकी एकाच्याही तिकिटाला भोक नव्हतं, या दोघांची सोडून. त्या दोन्हींना गोल, स्वच्छ भोक. डाव्या कानाच्या पाळीतून रक्त कॉलरवर उतरत होतं. बॅगेचं कुलूप त्याने काढलं. चिमटा तळाशी होता, कपड्यांत गुंडाळलेला, कोरडा.

विश्रांतीगृहात कंडक्टरने पाय बाकड्यावर ओढून घेतले. मेकॅनिकचा हात कानावर होता. ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" कंडक्टरने हळूच विचारलं.

सोमवारी दुपारी ड्रायव्हर लोकांच्या फोनवर एक फोटो फिरला. परक्या शहराच्या स्टँडवर एक बेवारस म्हातारा, अंगावर नाव नाही, पत्ता नाही. उस्तादांनी ओळखलं. मुलाच्या दारावर गेले. कानाला पट्टी बांधलेला मुलगा दार उघडताच खाली बसला आणि सगळं ओकला. उस्तादांनी त्याला दंडाला धरून त्याच शहरात परत नेलं. त्या दिवशी तिकिटं जाताना दोनच काढली.

शवागारातल्या माणसाने कागद दाखवला. शेवटच्या फलाटावर उभ्या गाड्यांत हा म्हातारा एकामागून एक चढत होता, लोकांकडे तिकीट मागत होता. ड्रायव्हर मागे घेत असलेल्या एका गाडीखाली सापडला. मृत्यू, रविवार, रात्री दहा पन्नास.

"आणि यांची गाडी अकरा दहाची," कंडक्टर म्हणाली.

"हो."

"मग…"

उस्तादांनी हात वर केला. "त्याची उजवी मूठ मिटलेली होती. उघडता उघडेना. त्या माणसाने ती कोमट पाण्यात धरली आणि एकेक बोट सोडवलं. मुलगा माझ्या शेजारीच उभा होता. आत तीन चकत्या होत्या, मसुराच्या दाण्याएवढ्या. दोन तिकिटाच्या कागदाच्या."

ते उठले आणि दाराची कडी नीट लागली आहे का ते बघून आले.

"तिसरी कागदाची नव्हती."