आईच्या हायड्रेंजियाचा दुसरा बहर

जून सरत आला, तरी आईच्या हायड्रेंजियाला एकही फूल आलं नव्हतं. बुंध्यातून हिरवेगार कोंब मात्र भराभर वाढत होते. झाड जिवंत आहे, मग फुलं कुठे गेली? मैथिलीला काही केल्या कळेना.

"उपटून टाकू ते," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले. महाबळेश्वरच्या त्या घरात हल्ली एवढंच बोलणं होई. दिवाळीनंतर चंद्रावरच्या संशोधन तळावर गेलेली आई तिथल्या अपघातात गेली होती.

बागेचं काम पाहणाऱ्या झारी नावाच्या यंत्रमानवाने एक वाळकी फांदी हलकेच धरली. "मैथिली, जुन्या फांद्यांवर कळ्या पावसाळ्याच्या शेवटीच तयार होतात. थंडीभर त्या झोपून असतात. यंदा दहिवर गोठलं. कळ्यांच्या पेशींमधल्या (सजीवांच्या शरीरातल्या अतिसूक्ष्म कप्प्यांमधल्या) पाण्याचा बर्फ झाला, तो फुगला आणि पेशी फुटल्या."

चंद्रावर जाण्याआधी आईने मैथिलीचं बोट त्याच कळ्यांवर टेकवलं होतं. "म्हणजे आईने पाहिलेल्या कळ्या मेल्या?"

"हो," झारी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे.

मैथिली तिथेच चिखलात बसून रडली. बऱ्याच वेळाने झारी म्हणाली, "पण ही जात पुनर्पुष्पी (एकाच हंगामात पुन्हा बहरणारी) आहे. हिला नव्या फांद्यांवरही कळ्या धरतात. त्यांना वेळ लागतो. कोंब छाटू नकोस. नत्रखत जास्त घालू नकोस, नाहीतर नुसता पाला माजेल. सकाळचं ऊन मिळू दे आणि मुळांशी ओल राहू दे, पण पाणी साचू देऊ नकोस."

मैथिलीने सगळं केलं, पण आशेने नव्हे. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सप्टेंबरात एका कोंबाच्या टोकाशी मुठीएवढा निळा गुच्छ उमलला. मैथिलीला आनंद झालाच नाही. "हा आईने पाहिलेला नाही," ती पुटपुटली.

"नाही पाहिला," मागून बाबांचा आवाज आला. किती दिवसांनी ते बागेत उतरले होते! ते तिच्याशेजारी ओल्या मातीत बसले.

मग बाबांनी विचारलं, "झारी, यंदा थंडीत याच्यावर काय पांघरायचं?"

"मुळांवर पाचोळ्याचा जाड थर आणि रात्री वरून गोणपाट."

मैथिली डोळे पुसत उठली. "पाचोळा मी गोळा करते," ती म्हणाली.